चार सुताचं भोक आणि बारा एमएमचा बोल्ट: लालबागच्या एका पिठाच्या गिरणीचं प्रकरण

दिवाळीला बारा दिवस असताना काकूंचा फोन आला. "अरे, दगड फिरायला लागला की अख्खं मशीन नाचतंय. मामा म्हणतो बेअरिंगचा बोल्ट हातानं वर येतोय." चिवडा गल्लीच्या मागच्या बाजूला त्यांची पिठाची गिरणी आहे. दिवाळीच्या आधीचे हे पंधरा दिवस म्हणजे भाजणीचे दिवस. रांगेत ठेवलेल्या डब्यांवर खडूनं नावं लिहिलेली असतात आणि सकाळी आठ ते रात्री साडेनऊ पट्टा थांबत नाही. मी फोनवरच सांगून टाकलं, "आटे गेले असतील. हेलिकॉइल बसवू, तासाभराचं काम." हेलिकॉइल म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची स्प्रिंग.

हे मी भोक न बघता बोललो. पुढचं सगळं लिहिताना ही चूक आधी नोंदवतो, कारण तिच्यामुळे काकूंनी त्या दिवशीचे डबे परत पाठवले नाहीत आणि पन्नासएक घरांचं धान्य आणखी एक दिवस अडकून पडलं.

काय होतं समोर

गिरणी जुनी आहे. बिडाचा जड सांगाडा, त्यावर आडवा शाफ्ट, एका टोकाला दगड आणि दुसऱ्या टोकाला पुली. दगडाकडच्या बेअरिंगचं घर सांगाड्यावर चार बोल्टांनी आवळलेलं. चारही बोल्ट सांगाड्यातच पाडलेल्या आट्यांत बसतात, खालून नट लावायची सोय नाही, कारण सांगाडा त्या जागी बंद पेटीसारखा ओतलेला आहे आणि आत हात जात नाही. हात गेला असता तर हे प्रकरण लिहिण्याइतकं उरलंच नसतं. आरपार भोक पाडून मोठा बोल्ट आणि खाली नट, अर्ध्या तासात सुटका. ज्याला कुणाला असं भोक दुरुस्त करायचं आहे त्यानं सगळ्यात आधी हेच बघावं की पलीकडून नट लावता येतोय का.

मेन स्विच बंद करून फ्यूज काढले, पट्टा उतरवला, शाफ्टखाली लाकडी ठोकळे दिले आणि घर बाजूला सरकवलं. दगडाकडचं, मोटरच्या बाजूचं भोक. बोल्ट खरोखर दोन बोटांनी उचलला गेला. त्याच्याबरोबर करड्या पुट्टीचा एक तुकडा, तिच्यात रुतलेली तांब्याची तार आणि बिडाची काळी भुकटी बाहेर आली. म्हणजे माझ्या आधी इथे कुणीतरी येऊन गेलं होतं, आणि एकदा नाही.

मामा या गिरणीत चोवीस वर्षं आहेत. त्यांना विचारत विचारत क्रम लागला. पहिला मूळ बोल्ट काही वर्षांपूर्वी तुटला. तुटका भाग कुणीतरी छिन्नीनं फिरवून काढला. नवीन बोल्ट आणायला पोरगा गेला, त्यानं बारा एमएमचा आणला. तो "थोडा सैल, मग घट्ट" असा बसला आणि चार महिने चालला. मग सैल झाला. मग त्याला तार गुंडाळली. मग पुट्टी भरून त्यात बोल्ट रोवला. शेवटी कुणीतरी "भोक मोठं करून मोठा बोल्ट टाकू" म्हणून हातातल्या ड्रिलनं भोक वाढवलं, आणि वाढवल्यावर लक्षात आलं की मोठ्या बोल्टाचं डोकं घराच्या बरगडीला अडतंय. मग पुन्हा पुट्टी आणि पुन्हा तोच बारा एमएमचा बोल्ट.

यातला एकही माणूस निष्काळजी नव्हता. प्रत्येकाला गिरणी चालू करून द्यायची होती. पण प्रत्येक दुरुस्तीनं पुढच्याकरता धातू थोडा कमी ठेवला.

बारा एमएम म्हणजे चार सूत नव्हे

बाकीचे तीन बोल्ट मी काढून पाहिले. पिच गेज, म्हणजे आट्यांमधलं अंतर मोजायचं साधन, लावलं तर इंचाला १२ आटे. व्यास १२.७ मिमी. म्हणजे अर्धा इंच, आपल्याकडच्या भाषेत चार सूत, व्हिटवर्थ आट्यांचा बोल्ट. जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये मांडलेलं हे माप ५५ अंशाच्या कोनाचं. मेट्रिक आटा ६० अंशाचा. आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला, पण जुनी यंत्रं आणि त्यांचे साचे इंचातच राहिले. म्हणून आजही मुंबईत जुन्या यंत्राला हात लावताना बोल्ट सुतात आहे की मिलिमीटरमध्ये हे ठरवल्याशिवाय पाना उचलू नये.

ज्यांनी मला फिटिंग शिकवलं ते मास्तर १९८२ च्या संपापर्यंत एका कापड गिरणीत फिटर होते. पिच गेज खिशात नसेल तर ते चांगला बोल्ट घेऊन त्याचे आटे दुसऱ्या बोल्टाच्या आट्यांत उभे टेकवायचे आणि उजेडाकडे धरायचे. मधून उजेड दिसला की आटे वेगळे. मी अजून तसंच करतो, गेज असलं तरी.

बारा एमएमच्या बोल्टाला दर आट्याला १.७५ मिमी पुढे जायचं असतं. चार सुताच्या भोकातला आटा २.१२ मिमीचा. दर फेऱ्याला सदतीस शतांश मिलिमीटरचा फरक. बोल्ट बारीक असल्यामुळे पहिले दीड-दोन फेरे तो हातानं जातो, फसवतो. मग आट्याला आटा घासायला लागतो आणि हाताला वाटतं की छान घट्ट बसतोय. पाना लावला की जोर सगळ्या आट्यांवर वाटला न जाता दोन-तीन कडांवर येतो. पोलाद असतं तर कडा दबल्या असत्या. बीड ठिसूळ, त्याच्या कडा तुटून भुकटी होते. "थोडा सैल, मग घट्ट" हे मामांचं वर्णन ऐकलं तेव्हाच मला निदान कळायला हवं होतं.

मोजमाप

आता भोक. पुट्टी खरवडून, आतली भुकटी व्हॅक्यूमनं ओढून घेतल्यावर व्हर्निअरच्या आतल्या जबड्यांनी मोजलं. एका दिशेनं १४.२ मिमी, तिच्याशी काटकोनात १५.१ मिमी. अंडाकृती. हातातल्या ड्रिलनं वाढवलेलं भोक असंच होतं, पाती मऊ बाजूला, जिथे आधीच आटे गेले आहेत तिकडे, सरकत जाते.

माझ्या पिशवीत बारा एमएमचा हेलिकॉइल संच होता. हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेस तारेची स्प्रिंग. तिच्यासाठी मूळ मापापेक्षा मोठे आटे पाडायचे आणि त्यात ती फिरवून बसवायची, मग तिच्या आत मूळ मापाचा बोल्ट बसतो. उत्तम वस्तू आहे. ॲल्युमिनिअमच्या इंजिनात मी ती कितीतरी वेळा वापरली आहे. पण बारा एमएमच्या हेलिकॉइलसाठी भोक साडेबाराच्या आसपास हवं आणि तिच्या टॅपची (भोकात आटे पाडायच्या हत्याराची) बाहेरची कड १४.२७ मिमीवर येते. माझं भोक अरुंद बाजूनंच १४.२. टॅप आत सोडला तर तो भिंतीला जेमतेम घासत तळाला गेला असता. चार सुताचं हेलिकॉइल आणलं असतं तरी त्याची बाहेरची कड साधारण साडेपंधराला येते. रुंद बाजूला जेमतेम रेघ उमटली असती.

दुसरी गोष्ट व्यासापेक्षा महत्त्वाची निघाली. भोक नुसतं मोठं नव्हतं, जागेवरून हललं होतं. हे शोधायला मी चार सुताच्या तीन स्टडांना (बिनडोक्याच्या बोल्टांना) लेथवर टोक काढून घेतलं, ते तीन चांगल्या भोकांत बसवले आणि वर जाड पुठ्ठा दाबला. तीन टोचे मिळाले. चार भोकं आयताच्या कोपऱ्यांवर आहेत, तेव्हा चौथा कोपरा कागदावर काढता आला, आणि बेअरिंगचं घर वर ठेवून तो पडताळला. मग त्याच पुठ्ठ्यावर चौथ्या भोकाची कड अंगठ्यानं घासून उमटवली. खरा मध्य आणि भोकाचा मध्य यांत ०.९ मिमीचं अंतर, तेही लांब बाजूच्या दिशेनं.

इथे साधं गणित करावं लागतं. लांब बाजूची अर्धी रुंदी ७.५५, त्यात ०.९ मिळवले की खऱ्या मध्यापासून सगळ्यात लांबची कड ८.४५ मिमीवर. म्हणजे खऱ्या मध्यावरून गोल भोक पाडायचं, आणि जुनी जखम त्यात पूर्ण नाहीशी व्हायला हवी, तर ते भोक किमान १७ मिमीचं हवं. याच्याहून लहान काहीही बसवलं तर एका बाजूला आटे अर्धवट राहणार.

आणि सभोवती किती धातू उरला आहे? भोकाभोवतीचा बिडाचा उंचवटा ३६ मिमी व्यासाचा. तेवढा असल्यामुळे मला श्वास घेता आला.

काय काय सोडून दिलं, आणि का

सरळ मोठे आटे पाडून मोठा बोल्ट: १७ च्या पुढचं भोक म्हणजे वीस एमएमचा बोल्ट. त्याचं डोकं ३० मिमीचं, बरगडीला अडणार. बेअरिंगच्या घराचं भोकही वाढवावं लागणार. एक जखम बुजवायला दुसरा चांगला भाग कापायचा, हे मनाला पटलं नाही.

वेल्डिंग: शेजारच्या एका वेल्डिंगवाल्यानं तयारी दाखवली. "भरून देतो, मग ड्रिल मारा." बिडाला वेल्डिंग होतं, पण निकेलचा रॉड हवा, तुकडा आधी तापवावा लागतो आणि नंतर सावकाश थंड करावा लागतो. घाई केली तर वेल्डिंगच्या कडेचं बीड काचेसारखं कडक होतं, मग टॅप तुटतो किंवा बाजूला भेग जाते. इतका मोठा सांगाडा जागेवर सारखा तापवणं शक्य नाही. त्याहून मोठं कारण म्हणजे ही पिठाची गिरणी आहे. हवेत उडालेलं बारीक पीठ ठिणगीनं पेटतं, बंद जागेत स्फोटही होतो. छताच्या पत्र्यावर, वायरींवर, पट्ट्याच्या गार्डच्या मागे वर्षांचं पीठ बसलेलं असतं. त्या खोलीत मी ज्योत पेटवू देणार नव्हतो, आणि काकूंनाही ते एका वाक्यात पटलं.

पुट्टी: ती आधी दोनदा हरली होती. धातूमिश्रित इपॉक्सी वाईट नसते, एखादं झाकण किंवा कव्हर धरून ठेवायला चालते. पण इथे दगडाचा झटका मिनिटाला शेकडो वेळा त्याच बोल्टावर येतो.

उरला तो पोलादी बुश. बाहेरून मोठे आटे, आतून मूळ मापाचे आटे. बाहेरचं माप मोजमापानंच ठरवून दिलं होतं. अठरा एमएमच्या बारीक आट्याला (दीडच्या पिचला, म्हणजे दोन आट्यांत दीड मिमी अंतर) १६.५ चं भोक लागतं, ते १७ पेक्षा कमी, बाद. वीस गुणिले दीड: भोक १८.५. जुनी जखम पूर्ण निघते आणि बिडाचा उंचवटा सगळीकडून ८ मिमी उरतो. बुशच्या आतले चार सुताचे आटे १२.७ पर्यंत जातात, बाहेरच्या आट्यांचं मूळ १८.१६ ला, मध्ये पोलादाची भिंत २.७ मिमी. पुरेशी. शिवाय वीस गुणिले दीड हा टॅप मुंबईत कुठेही मिळतो, कारण विजेच्या केबल ग्लँडचे आटे त्याच मापाचे असतात.

आत बारा एमएम ठेवावं की चार सूत, यावर माझा आणि टर्नर मिस्त्रींचा थोडा वाद झाला. ते म्हणाले, "मेट्रिक करा, उद्या बोल्ट शोधावा लागणार नाही." त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पण एका बेअरिंगच्या घरावर तीन बोल्ट सुताचे आणि एक मिलिमीटरचा ठेवला की पुढच्या वेळी कुणीतरी अदलाबदल करणार, आणि मग चांगली तीन भोकंही याच वाटेनं जाणार. हा घोटाळा जिथून सुरू झाला तो तिथेच बंद करायचा होता. चार सुताचे बोल्ट नागदेवी स्ट्रीटवर आजही मिळतात. मी आत चार सूतच ठेवलं.

ताकदीबद्दल एक गोष्ट पुष्कळांना उलटी वाटते म्हणून सांगतो. बुश घातलेलं भोक मूळ भोकापेक्षा कमजोर नसतं. या जोडणीत कच्चा गडी बीड आहे, बोल्ट नाही. पूर्वी बिडाचे आटे १२.७ च्या घेरावर भार घेत होते, आता २० च्या घेरावर घेणार, म्हणजे दीडपटीहून जास्त लांबीवर. बोल्ट तर आता पोलादातच फिरणार. वारंवार काढायच्या बोल्टासाठी बिडात मुद्दाम बुश घालायची पद्धत याच कारणामुळे आहे.

काम

सोमवारी मोजमाप झालं. मंगळवारी सकाळी करी रोडहून मस्जिदला उतरून नागदेवी स्ट्रीटवर गेलो: टॅपचा संच, १६ आणि १८.५ ची ड्रिलं, चार सुताचे चार बोल्ट आणि जाड वॉशर. दुपारी लोअर परळच्या गाळ्यात मिस्त्रींकडे. ईएन-८ पोलादाच्या सळीतून २५ मिमी लांबीचा बुश काढला. मिस्त्रींनी बाहेरचे आटे आणि आतलं १०.५ चं भोक तुकडा चकमधून न काढता एकाच पकडीत केलं, म्हणून आतला-बाहेरचा मध्य एक राहिला. माझ्या दृष्टीनं सगळ्या कामातलं सर्वांत मोलाचं कौशल्य ते होतं आणि त्यांनी त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत.

खरी अडचण ड्रिलची होती. जुन्या वाकड्या भोकात नवीन ड्रिल सोडलं की ते जुन्या भोकाच्याच मागे जातं. सांगाडा हलवून मोठ्या मशीनवर नेणं अशक्य. म्हणून १६ मिमी जाडीची पोलादी पाटी केली. तीन भोकं सांगाड्याच्या चांगल्या भोकांवर आवळण्यासाठी, आणि चौथ्या जागी कडक केलेला मार्गदर्शक बुश, आधी १६ चा, मग तो काढून १८.५ चा. पाटी मुद्दाम एका बाजूला लांब ठेवली, म्हणजे भाड्यानं आणलेल्या मॅग्नेटिक ड्रिलचं चुंबक तिच्यावरच बसेल. ड्रिल सरकलं असतं तर पाटीसकट सरकलं असतं, आणि पाटी तीन बोल्टांनी धरलेली होती.

बुधवारी दुपारपासून मामांनी आणि त्यांच्या मदतनिसानं गिरणी झाडली, मग ओल्या फडक्यानं पुसली. ड्रिलच्या मोटरच्या ब्रशलाही ठिणग्या पडतात, म्हणून ही सफाई वेल्डिंग नसलं तरी हवीच होती. दगड, टोपली आणि पिठाचं तोंड प्लास्टिकनं बांधून टाकलं. लोकांच्या खाण्याची जागा आहे, बिडाची भुकटी भाजणीत जाता कामा नये.

रात्री आठला ड्रिल सुरू केलं. बीड कोरडंच कापायचं, त्यातलं ग्राफाइटच वंगणाचं काम करतं. तेल घातलं की भुकटीचा चिखल होतो आणि तो आट्यांत अडकतो. वेग कमी, मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या आसपास. १६ चं ड्रिल एका बाजूनंच कापत होतं, आवाज खडखड येत होता आणि मार्गदर्शक बुशच्या कडेला ते दाबलं जाताना दिसत होतं. पण वाकलं नाही. १८.५ चं ड्रिल शेवटच्या मिलिमीटरपर्यंत एकसारखं गेलं. आत टॉर्च मारली तर भिंत सगळीकडून स्वच्छ करडी. जुन्या आट्याचा एक ओरखडा शिल्लक नव्हता.

टॅप हातानंच मारला. पाटी न काढता टॅपच्या मागच्या टोकाच्या खड्ड्यात ड्रिलच्या चकमधलं टोक टेकवलं, म्हणजे टॅप उभाच राहतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. बंद भोक असल्यामुळे दर चार-पाच फेऱ्यांनी टॅप पूर्ण बाहेर काढून भुकटी ओढून घ्यावी लागली. तळाशी साठलेल्या भुकटीवर टॅप टेकला की माणसाला वाटतं अजून आटे पडताहेत, आणि जोर केला की टॅप तुटतो. बिडाच्या बंद भोकात तुटलेला टॅप काढणं हे वेगळंच प्रकरण असतं. या कामाला दीड तास लागला. मामा टॉर्च धरून उभे होते आणि मध्येच म्हणाले, "दगडाला टाकी लावतानासुद्धा अशीच घाई करून चालत नाही." टाकी लावणं म्हणजे गुळगुळीत झालेल्या दगडाला छिन्नीनं पुन्हा खाचा पाडणं.

बुश आधी कोरडा बसवून पाहिला. दोन नट एकमेकांवर आवळलेल्या बोल्टानं तो फिरवत आत नेला आणि वर सरळपट्टी ठेवली, तर बुश ०.३ मिमी वर राहत होता. हे चालत नाही. बुश पृष्ठभागाच्या वर असला की बेअरिंगचं घर सांगाड्यावर न टेकता बुशच्या डोक्यावर टेकतं, आणि बोल्ट आवळताना घर खाली दाबलं न जाता बुशच वर ओढला जातो. सकाळी मिस्त्रींकडे जाऊन तो घासून घेतला, आता तो अर्धा मिमी आत बसतो. हा फेरा पडला तेवढा पडला. लॉकटाइट (आटे पक्के चिकटवणारं द्रव) लावल्यावर हे लक्षात आलं असतं तर बुश कापून काढावा लागला असता.

गुरुवारी सकाळी भोक आणि बुश ॲसिटोननं तीनदा धुतले, खिडक्या सताड उघड्या ठेवून. बीड तेल पितं. फडकं पांढरं निघेपर्यंत थांबलो नाही. जास्त ताकदीचं लॉकटाइट लावून बुश बसवला. हे द्रव हवा नसलेल्या जागेत, धातूच्या स्पर्शानं घट्ट होतं, म्हणून जास्त लावून उपयोग नाही, आटे ओले झाले की पुरे. वर, बुश आणि बीड यांच्या सांध्यावर अर्धं इकडे अर्धं तिकडे असं ३ मिमीचं, ८ मिमी खोल भोक पाडून पोलादी पिन ठोकली. अशा सांध्यावर ड्रिल मऊ बाजूला, म्हणजे बिडाकडे पळतं. आखूड ड्रिल लावलं आणि हळू गेलो. पिन हवीच होती का, असं विचारणारे भेटतील. नुसत्या लॉकटाइटवरही बुश राहिला असता असं मला वाटतं. पण हा बोल्ट दर काही महिन्यांनी दगड काढताना उलटा फिरणार आहे, आणि बोल्टाबरोबर बुश फिरून बाहेर आला तर काकूंना पुन्हा कुणाला तरी फोन करावा लागेल.

मग चोवीस तास काहीच केलं नाही. काकूंनी डबे शेजारच्या गिरणीत पाठवून दिले. शेजारच्यांनी ते दळून, प्रत्येक डब्यावरचं नाव तसंच ठेवून परत आणून दिले.

मूळ कारण

भोक दुरुस्त झालं तरी एक प्रश्न राहिला होता. पहिला, मूळ, योग्य मापाचा बोल्ट का तुटला? त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती. मामांनी त्याचा तुकडा खिळ्यांच्या डब्यात ठेवला होता. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यासारख्या रेघा होत्या, एका कडेपासून सुरू होऊन पसरत गेलेल्या. थकव्यानं तुटलेल्या धातूची खूण. एकाच झटक्यात तुटला असता तर तोंड सगळं खरखरीत दिसलं असतं.

बेअरिंगचं घर जागेवर ठेवलं, तीन बोल्ट हलके आवळले आणि चौथ्या कोपऱ्याखाली फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच, घातलं. ०.४ मिमीची पाती आत गेली. तो कोपरा टेकतच नव्हता. बोल्ट आवळला की घराचा पाय वाकून खाली यायचा, आणि दगडाच्या प्रत्येक झटक्याला पुन्हा वर जायला बघायचा. एकटा बोल्ट ती ओढाताण सोसत होता. घासलेल्या रंगाच्या खुणांवरून दिसत होतं की पूर्वी तिथे पातळ पत्रा होता. कधीतरी बेअरिंग बदलताना तो खाली पडला असणार आणि झाडताना पिठाबरोबर गेला असणार.

०.४ मिमीचा पितळी पत्रा कापून, मध्ये भोक पाडून खाली घातला. फीलरची ०.०५ ची पाती आता कुठल्याच कोपऱ्यात जात नाही. हे केलं नसतं तर नवा बुश टिकला असता, पण त्यातला बोल्ट पुन्हा तुटला असता, आणि या वेळी तुकडा पोलादी बुशमध्ये अडकला असता.

शुक्रवारी दुपारी चारही नवे बोल्ट टॉर्क पान्यानं ४० न्यूटन-मीटरला आवळले, आडवे-तिडवे, दोन टप्प्यांत. प्रत्येक बोल्टाच्या डोक्यापासून घरापर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली. बोल्ट जरा जरी फिरला तर रेघ तुटते आणि मामांना लांबूनही दिसतं. पहिलं दळण म्हणून काकूंनी दोन किलो जोंधळा घातला, ते पीठ बाजूला काढून टाकलं, आणि मग पहिल्या डब्याची भाजणी. मशीन नाचलं नाही. मी हात सांगाड्यावर ठेवून दहा मिनिटं उभा होतो.

नंतर

पाडव्यानंतर एकदा आणि मकर संक्रांतीनंतर एकदा जाऊन पाहिलं. चारही पिवळ्या रेघा अखंड आहेत. संक्रांतीच्या वेळी दगडाला टाकी लावण्यासाठी घर काढावं लागलं होतं. बोल्ट उलटा फिरला, बुश जागेवर राहिला. पितळी पत्रा मामांनी स्वतःच चिमट्यानं उचलून कपाटात ठेवला होता आणि परत त्याच कोपऱ्याखाली घातला.

सांगाड्यावर आता ऑइल पेंटनं लिहिलं आहे: "चारही बोल्ट चार सूत. इंचाला १२ आटे. बारा एमएम चालणार नाही." अक्षर काकूंच्या नातीचं. शेजारी खिळ्याला पत्र्याची डबी टांगली आहे, तिच्यात चार सुताचे दोन जादा बोल्ट आणि पत्र्याचा एक जादा तुकडा.

पुलीकडच्या बेअरिंगच्या घराखाली मी त्याच वेळी फीलर घालून पाहिलं. तिथे ०.१५ ची पाती एका कोपऱ्यात जाते. बोल्ट अजून मूळचे आहेत आणि आटे शाबूत. मे महिन्यात काकू गावी जातात आणि गिरणी दहा दिवस बंद असते. ते काम तेव्हा घ्यायचं ठरलं आहे.